‘द वायर’ संपली, पण अर्ध्या माणसांचा हिशेब कुठाय? स्पॉयलर आहेत

फोंडेकरीण

‘द वायर’ ही बाल्टिमोरच्या पोलिसांची आणि ड्रग विकणाऱ्यांची अमेरिकन मालिका काल रात्री एकदाची संपवली. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, खाली कोण मेलं आणि कोण सुटलं ते सगळं उघडं आहे.

नवऱ्याने दुसऱ्या सीझनला हात टेकले. ‘हे बंदर मध्येच कुठून उपटलं?’ म्हणाला आणि क्रिकेटकडे वळला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत माझ्या बाजूला बसल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि बाल्टिमोरच्या नाक्यावरचं इंग्रजी सबटायटलशिवाय मला तरी कुठे येतं? मी थांबवून थांबवून सांगायचे. त्यांचा सगळा जीव बबल्स नावाच्या गर्दुल्ल्यामध्ये अडकलेला. शेवटच्या भागात तो बहिणीच्या तळघरातून जिना चढून वर येतो आणि तिच्या टेबलाशी जेवायला बसतो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बसलो एकदाचो पानार.’ आणि पाठोपाठ, ‘आनी तो दुसरो भुरगो? जाका सगळीं हांसतालीं?’ म्हणजे ड्यूकी, शाळेतला तो पोरगा. मी म्हटलं, आत्ता सुई टोचून घेत होता तोच. त्यांना पटेना. मधले भाग तू गाळलेस म्हणाल्या.

मग मलाही एकेक आठवायला लागलं. पोलीस अधिकारी डॅनियल्सच्या फाइलीत नक्की काय होतं? पहिल्या सीझनमध्ये एफबीआयचा माणूस डिटेक्टिव्ह मॅकनल्टीच्या कानावर घालतो की शहराच्या ईस्टर्न पोलीस विभागात असताना याच्याकडे पगारात न बसणारा पैसा आला. पाचव्यात त्याच फाइलीच्या धाकाने त्याला कमिशनरची खुर्ची सोडावी लागते. मधल्या तीन सीझनमध्ये ती फाइल कोणीही आपल्यासमोर उघडत नाही. पोलिसांतला बडा साहेब रॉल्स तिसऱ्या सीझनमध्ये समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये मागे उभा दिसतो, दोन-चार सेकंद, आणि त्यावर पुढे चकार शब्द नाही. ड्रगवाल्या चीझचं आडनाव वॅगस्टाफ, शाळकरी रँडीचंही वॅगस्टाफ. बापलेक असतील तर ते त्यांना कोणी सांगायचं? तस्करांचा म्होरक्या द ग्रीक तर विमान पकडून गेला तो गेलाच. आणि बार्क्सडेल टोळीतल्या डी’अँजेलोला तुरुंगाच्या लायब्ररीत पट्ट्याने आवळून मारलं, ती आत्महत्या म्हणूनच राहिली ना कागदावर?

हे सगळं लेखक विसरले की मुद्दाम सोडलं?


जत्रेतला नाटककार

विसरले, दुसरं काय. एवढी माणसं रंगमंचावर आणली की शेवटच्या अंकात कोण विंगेत राहिलं याचा पत्ता लागत नाही. आमच्या गावात जत्रेला नाटक बसवतो आम्ही. खलनायकाचं काय झालं ते न दाखवता पडदा पाडला तर दुसऱ्या दिवशी देवळात महाजन अडवून विचारतील. संगीत नाटकात तर भरतवाक्य झाल्याशिवाय कोणी उठत नाही. इथे पाचव्या सीझनमध्ये त्या खोट्या सिरियल किलरच्या भानगडीवर भागच्या भाग घालवले. मॅकनल्टी मेलेल्या बेघर माणसांच्या गळ्यावर खुणा करतो आणि मनगटाला लाल रिबन बांधतो, हे कोणाला पटलं? तो वेळ डॅनियल्सच्या फाइलीला दिला असता तर बिघडलं असतं काय?

शेवटी पहिल्या सीझनचं शीर्षकगीत वाजवून सगळ्यांची एकेक झलक दाखवतात, ती मला तरी पाट्या टाकल्यासारखी वाटली. भैरवी लागली म्हणजे मैफल रंगली होती असं नव्हे.


सड्यावरचा

बाय, तुझा नवरा बंदर आलं म्हणून उठला आणि मी बंदर आलं म्हणून बसलो. माझी नोकरी मुरगाव बंदरात टॅली क्लार्कची, म्हणजे माल मोजून नोंदवायची. आता निवृत्त, सड्यावर घरी असतो, पोराने लावून दिलं की पाहतो. पहिला सीझन मला जरा जड गेला. दुसऱ्यात गोदी कामगारांचा पुढारी फ्रँक सोबोत्का आला आणि म्हटलं हा आपला माणूस. युनियनचं ऑफिस, त्यात तो एकटा, आणि बाहेर पोरांना आठवड्यातून एखादा दिवस काम. त्याला काय हवं होतं? कालव्यातला गाळ काढा आणि धान्याचा धक्का परत चालू करा. त्यासाठी तो चोरीचे कंटेनर सोडायचा आणि आलेला पैसा राजकारण्यांच्या खिशात घालायचा. २०१२ला इथे खाणी आणि खनिज बंद झालं तेव्हा आमच्या धक्क्यावर जी शांतता पसरली ती ज्याने पाहिली असेल त्याला फ्रँकचा राग येणार नाही. मला तरी आला नाही.

आता तुझ्या यादीबद्दल. तू फाइल, रॉल्स, चीझ असं सगळं विचारलंस. पण त्या तेरा बायकांबद्दल एक अक्षर नाही. नाटककारांनीही विचारलं नाही. कोणीच विचारत नाही, मी आमच्या कॉलनीत दोघा-तिघांना हटकून पाहिलं.

कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा वेगळ्या चौकटीत. तो पडताळणीचा आकडा. आधीच्या नंबरात एक जरी चूक झाली तरी तो जुळत नाही आणि टॅली करणाऱ्याला कळतं. दारावर सील असतं, त्याचा नंबर वेगळा. म्हणजे पेटीतल्या साबणाची आणि बुटांची ओळख हुकायला नको म्हणून एवढी व्यवस्था. मालिकेत बंदराची पोलीस बीडी रसेल धक्क्यावर फिरताना तुटलेलं सील बघते, म्हणून ती पेटी उघडली जाते. आत खोटी भिंत, आणि भिंतीमागे तेरा बायका गुदमरून मेलेल्या. हवेची नळी कोणीतरी ठोकून बंद केलेली. पेटीला नंबर आहे, सीलला नंबर आहे. बायकांना नाव नाही, शेवटपर्यंत.

चौदावी आधीच पाण्यात मिळालेली असते, मॅकनल्टी बोटीवर असताना. त्याला बोटीवर पाठवलेलं असतं रॉल्सने, शिक्षा म्हणून. मग हा काय करतो, तर भरती-ओहोटीचे आणि वाऱ्याचे तक्ते घेऊन बसतो आणि ती मुलगी शहराच्याच हद्दीत मेली असं सिद्ध करून टाकतो. कशासाठी? रॉल्सच्या माथी न सुटणारा खून मारायचा म्हणून. पाठोपाठ त्या तेराही तिथेच येऊन पडतात. आमच्याकडे ट्रॉलरवाल्याला विचारा, पाण्यात पडलेली वस्तू कुठल्या ओहोटीला कुठे लागेल ते तो न बघता सांगेल, त्यामुळे तो प्रसंग मला फार आवडला. पण बघा, त्या बायकांची केस झाली ती दोन पुरुषांच्या खुन्नसपायी. खुन्नस नसती तर हद्दीबाहेरचा अपघात म्हणून कागद बंद झाला असता.

नंतर मॅकनल्टीलाच टोचणी लागते. त्या पाण्यातल्या मुलीचं नाव शोधायला तो हिंडतो, आणि सोडून देतो. सीझनच्या शेवटी ग्रीकचा माणूस सर्गेई तोंड उघडतो. कळतं की हे करणारा खलाशी केव्हाच मारला गेलाय, ग्रीकच्याच माणसांकडून. चौदाही खून कागदावर सुटले, रॉल्सचे आकडे सुधारले, सगळे खूश. खुनी कोण ते कळलं, मेलं कोण ते नाही.

आपल्या कस्टम्सच्या कायद्यात आलेला माल तीस दिवसांत कोणी सोडवला नाही तर नोटीस काढून विकता येतो. बेवारस मालाचंसुद्धा पुढे काय करायचं ते लिहून ठेवलंय. म्हणून मला नाटककारांचं म्हणणं पटत नाही. लेखक विसरले असते तर मॅकनल्टीला ते नाव शोधायला कशाला हिंडवलं असतं? विसरलं ते शहर, आणि आपण बघणारे. तुम्ही फाइल विचारता कारण डॅनियल्स तुमच्या ओळखीचा झालाय.

त्या फाइलीचंही सांगतो. ती उघडली असती तर तिची किंमत संपली असती. कमिशनर बरेल ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवतो, जायची वेळ येते तेव्हा राजकारणी नरीस कॅम्पबेलच्या हातात देतो. तिला आत काय आहे यापेक्षा ती आपल्या हातात आहे एवढं पुरतं. डॅनियल्सला गुन्ह्यांचे आकडे फिरवायला सांगतात, तो नाही म्हणतो, फाइल टेबलावर येते. त्याची आधीची बायको राजकारणात, आत्ताची सोबतीण सरकारी वकील, तोंड काळं झालं असतं ते तिघांचं. जाता जाता हाताखालच्या कार्व्हरला लेफ्टनंट करतो आणि निघतो. कुठल्याही सरकारी ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला विचारा, अशी एक फाइल सगळ्यांना ठाऊक असते आणि वाचलेली कोणीच नसते.

द ग्रीक गेला कुठे विचारतेस? कुठेच नाही. पाचव्या सीझनमध्ये नवा ड्रगवाला मार्लो तुरुंगात सर्गेईला भेटतो ते ग्रीकचा उजवा हात वोंडास, त्याच्यापर्यंत पोचायलाच ना? शेवटच्या झलकांमध्ये ड्रगवाला स्लिम चार्ल्स वोंडासशीच बोलणी करतो. गिऱ्हाईक बदललं, दुकान तिथेच.


सत्तरीची बाई

वरचं वाचून लिहायला बसले, नाहीतर मी नुसती वाचणारी. मी हायस्कूलला शिकवते, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला. फोंडेकरीण, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्यांनी भाग चुकवलेला नाही. ड्यूकी ज्या दिवशी हातातून गेला तो दिवस चौथ्या सीझनमध्ये दाखवलाय, फक्त त्या दिवशी कोणी ओरडलं नाही की गोळी सुटली नाही.

त्याला वर्षाच्या मध्येच वर चढवतात. आठवीतून थेट हायस्कूलला. त्याचा शिक्षक प्रेझबो त्याला आंघोळीची सोय करून देत होता, कपडे धुऊन आणत होता, जेवणाचा डबा देत होता. मुलगा हुशार, वर्गातला कॉम्प्युटर त्यानेच चालू केला. आता नवी शाळा, नवा वर्ग, कोणी ओळखीचं नाही. तो त्या इमारतीपाशी जातो, बघतो आणि परत फिरतो. पुढच्या वेळी दिसतो तो नाक्यावर, ड्रग विकणाऱ्यांत. उपमुख्याध्यापिका बाई दुष्ट नाही, तिला खालून येणाऱ्या पोरांना जागा करायची असते. ती प्रेझबोला सांगतेही, पुढच्या वर्षी अजून येणार आहेत.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडेही आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं, २०१९ला त्यात बदल होऊन पाचवी-आठवीत थांबवायची मुभा राज्यांना मिळाली. त्यावर स्टाफरूममध्ये पुष्कळ वाद झाले. पण माझ्या अनुभवाने पोर नापास होऊन कमी आणि शाळा बदलताना जास्त गळतं. खेड्यातली शाळा चौथीला संपते, पुढची लांब. दाखला नेलेला असतो, म्हणजे आमच्या हजेरीतून नाव गेलं. पुढच्या शाळेत पोचलं का ते बघायला कोणी जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा दाखला त्याच्या आईने नेला आणि दोन वर्षांनी तो मला बाजारात शहाळी सोलताना दिसला. ‘बाई, तुम्ही अजून तिथेच?’ म्हणाला. एका हाताने शहाळं धरून कोयता असा सफाईने चालवत होता की मी त्याच्या बोटांकडेच बघत राहिले. तो नीट आहे, कमावतो. ड्यूकीला तसं काही मिळालं नाही एवढाच फरक.

रँडीचं मात्र मला सहन झालं नाही. पाचव्या सीझनमध्ये त्याला एकच प्रसंग दिलाय. डिटेक्टिव्ह बंक त्याला भेटायला वसतिगृहात जातो. चौथ्या सीझनमध्ये गोळ्या-बिस्किटं विकणारं ते हसरं पोर, ज्याने विश्वासाने पोलिसांना सांगितलं आणि ज्याच्या सांभाळणाऱ्या आईचं घर पेटवलं गेलं. आता अंगाने भरलाय, बंकला उडवून लावतो, आणि जिन्यात आडव्या आलेल्या लहान पोराला खांद्याने ढकलून वर जातो. बस एवढंच. त्या ढकलण्यात सगळं आलं. याहून जास्त दाखवलं असतं तर मी बंद केलं असतं.

चीझ त्याचा बाप असेल तर ड्रगचा मोठा धंदेवाला प्रॉप जो त्याच्या नात्यातला झाला, कारण चीझ जोचा भाचा. म्हणजे शहराच्या पूर्व भागात एवढा मोठा आजा बसलेला आणि पोर अनाथ म्हणून वसतिगृहात. मालिकेत हे कोणीही बोलून दाखवत नाही, आडनाव ऐकलं तरच कळतं. आणि चीझला स्लिम चार्ल्स गोळी घालतो ती जोला दगा दिला म्हणून. रँडीचं नाव त्यात कुठेच नाही.


फोंडेकरीण

बाई, रँडीचा तो जिना मी विसरलेच होते. आणि काका, तेरा बायकांचं वाचून मी दुसरा सीझन परत काढला. फ्रँकला माहीतच नव्हतं ना आत माणसं आहेत ते? तो वोंडासवर एवढा चवताळतो.

पण डी’अँजेलोचं राहिलं. तिथे तर सगळे आपल्या ओळखीचेच आहेत.


सड्यावरचा

फ्रँकला खरंच माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंही नाही, पेटीत काय आहे ते विचारायचं नाही हाच सौदा होता. नंतर त्याला ते जड जातं.

फ्रँक शेवटी ग्रीकला भेटायला एकटा चालत जातो तो की ब्रिजच्या खाली. दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढतात, गळा चिरलेला. तो पूल आता नाही. २०२४च्या मार्चमध्ये दाली नावाचं जहाज रात्री त्याच्या खांबावर आदळलं आणि अख्खा पूल खाली आला. वर रस्त्याचे खड्डे बुजवणारे मजूर होते, त्यांतले सहा गेले. जहाजावरचे खलाशी बहुतेक सगळे भारतीय. आमच्याकडे घरटी एखादा जहाजावर, त्यामुळे वास्कोत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. बातमीत पुलाचा सांगाडा दिसला आणि मला आधी फ्रँक आठवला, मग लाज वाटली, कारण खरी माणसं मेली होती.

निक परत दिसतो ते लक्षात आलं का? पाचव्या सीझनमध्ये महापौर कार्सेट्टी बंदराच्या जागेवर नव्या बांधकामाच्या समारंभाला येतो, तेव्हा गर्दीतून ओरडणारा तोच, फ्रँकचा पुतण्या. पोलीस त्याला बाजूला नेतात. धान्याचा धक्का हवा होता तिथे बिल्डर आला. एवढ्याशा प्रसंगात अख्ख्या दुसऱ्या सीझनचा निकाल लावलाय आणि ज्यांनी तो सोडून दिला त्यांना हा पोरगा कोण ते कळणारसुद्धा नाही. नवऱ्याला सांग.

डी’अँजेलोचं म्हणशील तर कागदावर काही बदललं नाही. पण घरात बदललं. मॅकनल्टी ते आत्महत्या नाही म्हणून हुडकून काढतो, आई ब्रियानापर्यंत बातमी पोचते, आणि टोळीतला दोन नंबरचा स्ट्रिंगर म्होरक्या एव्हॉनच्या, म्हणजे डी’अँजेलोच्या मामाच्या, तोंडावर कबूल करतो की ते आपणच करवलं. त्यानंतर एव्हॉन स्ट्रिंगरला वाचवत नाही. कोर्टात नाही झालं ते तिथे झालं. ब्रियानाने मात्र स्वतःच पोराला वीस वर्षं भोगायला लावली होती, घराण्याचं नाव राखायला. तिचं काय करायचं ते लेखकांनी तिच्यावर सोडलं.


जत्रेतला नाटककार

काकांनी बंदराचं जे लिहिलं ते मान्य. सिरियल किलरचं अजूनही मान्य नाही.


सड्यावरचा

मलाही ते कथानक ओढूनताणून वाटलं. पण शेवट आठवा. खोट्या खुनाला बळी दाखवायला मॅकनल्टीने लॅरी नावाच्या एका बेघर माणसाला नेऊन रिचमंडला ठेवलेलं असतं, त्याला धड बोलताही येत नाही. नोकरी गेल्यावर मॅकनल्टी गाडी काढतो आणि त्याला परत आणायला जातो. तुम्ही ज्याला पाट्या टाकणं म्हणता ती सगळी झलक त्याच परतीच्या रस्त्यावर येते, लॅरी शेजारी बसलेला असताना. साठ भागांची मालिका शेवटी एकाच हरवलेल्या माणसाला जागेवर आणून सोडते, बाकी कोणाला नाही. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला नाव सापडलं नव्हतं, इथे निदान माणूस तरी सापडतो.


सत्तरीची बाई

आणि ड्रगवाल्यांना लुटणाऱ्या ओमारला मारणारा तो पोरगा, केनार्ड? शेवटच्या झलकांत त्याला बेड्या घालतात, ते बघून आमच्या घरी टाळ्या वाजल्या. मला वाजवता आल्या नाहीत. तिसऱ्या सीझनमध्ये गोळीबारानंतर बंक रस्त्यात उभा असतो आणि पोरं ओमार-ओमार खेळत असतात. ‘आता माझी पाळी, मी ओमार’ म्हणून भांडणारं बारकं पोर तेच आहे.

ओमार मेल्याची बातमी पेपरात जागा नाही म्हणून गाळतात, शवागारात त्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या अंगावर लागते. तिथला माणूस ती बदलून जागेवर लावतो, हे मला काकांच्या नंबरांवरून आठवलं. ड्यूकीचा दोस्त मायकेल तर हातात बंदूक घेऊन दुकान लुटायला लागलाय, म्हणजे ओमारची जागा भरली.


जत्रेतला नाटककार

केनार्डचं लक्षात नव्हतं, ते बांधकाम पक्कं आहे.

रॉल्सचं मात्र मला अजून कोणी पटवलेलं नाही. फाइल बंद ठेवण्यात ताकद, बायकांना नाव नसण्यात मुद्दा, समजलं. पण रॉल्स शेवटी राज्य पोलिसांचा प्रमुख होऊन बसतो आणि तो बारमधला प्रसंग ना त्याच्या आड येतो, ना कोणी त्याला त्यावरून दाबतं. ज्या खात्यात प्रत्येकाकडे दुसऱ्याची फाइल आहे तिथे ही एकच गोष्ट कोणाच्या कानावर गेली नाही? माझ्या नाटकात असं केलं असतं तर पहिल्या रांगेतल्यांनीच सोललं असतं. कोणाकडे उत्तर असेल तर लिहा, जत्रा आटोपल्यावर वाचेन.